विकणे आहे : एलान, १९६९, बॉडी फायबरची

फायबरच्या बॉडीची जुनी गाडी विकायला काढली की पहिला पेच पडतो तो हा, की गिऱ्हाइकाला दाखवायचं काय? पत्र्याच्या गाडीचं बरं असतं. गंज फुगतो, रंगाला फोड येतात, नखानं खरवडलं की खालचा भुगा हातात येतो. फायबर गंजत नाही. त्यामुळे वरून चकचकीत रंग मारला की आतलं सगळं झाकलं जातं, आणि चांगलं काम व वाईट काम दोन्ही पहिल्या दिवशी अगदी सारखीच दिसतात. फरक कळायला एखादा उन्हाळा जावा लागतो.

माझी गाडी लोटस एलान, म्हणजे लोटस या इंग्रजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स गाडी, सिरीज ४, उघड्या टपाची, १९६९ची. लोटसचा कारखाना इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या हेथेलला १९६६मध्ये गेला, त्यानंतरची. मी घेतली तेव्हा ती एका गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली होती. इंजिन एका खोक्यात, दरवाजे दुसरीकडे, आणि बॉनेटवर कोणीतरी निवांतपणे रंगाचे डबे रचून ठेवलेले. पुढची काही वर्षं माझे शनिवार-रविवार तिनंच खाल्ले. तयार झाल्यावर दोन उन्हाळे मनसोक्त चालवली. मग माझ्या कंबरेनं असहकार पुकारला. एलानमध्ये बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर मांडी घालणं, आणि उठणं त्याहून कठीण. गाडीला नवा कणा बसवला होता, माझा मात्र जुनाच. बायको म्हणाली, ''अहो, गाडीतून उतरताना तुम्ही जे तोंड करता ना, ते बघवत नाही. विका एकदाची.''

कण्याबद्दल, म्हणजे चासीबद्दल, थोडं सांगायला हवं, कारण या गाडीचं सगळं गणित तिथंच आहे. लोटसनं १९५७मध्ये एलीट आणली, तेव्हा आख्खा सांगाडाच फायबरचा केला होता. धाडस मोठं, पण ती बनवणं महागात पडलं. १९६२च्या एलानमध्ये मग पोलादी पत्रा दुमडून एक पेटीसारखा लांबट कणा केला, पुढं आणि मागं त्याला फाटे काढले, त्यांत इंजिन आणि सस्पेन्शन बसवलं आणि वरून फायबरची बॉडी बोल्टनं आवळली. ही गाडी रॉन हिकमन यांच्या देखरेखीखाली तयार झाली. घरोघरच्या सुतारकामाला वापरतात तो वर्कमेट हा घडीचा बाक, तोही याच माणसाचा. दोन्ही गोष्टींत कमीत कमी सामानात काम भागवायची तीच खोड दिसते.

तर बॉडी गंजत नसली तरी कणा गंजतो. आणि गमत अशी की तो गंजल्याची बातमी हेडलाइट देतात. एलानचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असतात आणि इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढून घेतं त्या ओढीवर, उघडतात. हा व्हॅक्यूम साठवायला वेगळी टाकी देण्याऐवजी चासीचा पुढचा आडवा तुळईसारखा भागच हवाबंद करून टाकी म्हणून वापरला होता. कल्पना सुंदर. पण तिथं पाणी साचतं, निचऱ्याची भोकं चिखलानं बुजतात, पत्रा आतून सडतो, आणि एक दिवस दिवे आपल्या मर्जीनं वागायला लागतात. मालक बिचारा रबरी नळ्या बदलत बसतो. माझ्या गाडीच्या त्या भागात स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला. नवी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली चासी मागवली, व्हॅक्यूमसाठी वेगळा छोटा डबा बसवला, आणि जुनी चासी फेकून न देता भिंतीला टेकवून ठेवली. ती पुढं विकताना कामाला आली.

बॉडीचं काम मी स्वतः केलं. जाहिरातीतही तसंच लिहिलं, आणि त्यामुळे काही फोन आलेच नसतील याची मला खात्री आहे.

जुना रंग काढण्यापासूनच हे काम चिकाटी मागतं. पत्र्यावर चालतं ते रंग उतरवायचं रसायन इथं लावलं तर जेलकोटही, म्हणजे फायबरचा वरचा गुळगुळीत थरही, मऊ पडतो, आणि रसायन आत मुरलं की नव्या रंगाखालून महिन्यांनी वर येतं. म्हणून ब्लेड आणि पॉलिश पेपर. एकेक थर खरवडत गेलं की गाडीचा इतिहास उलगडत जातो. वरचा लाल, त्याखाली वेगळा लाल, मग एक भयानक तपकिरी, पुट्टी, आणि तळाला कारखान्याचा निळा. डाव्या मडगार्डवर पुट्टी बोटभर जाड निघाली. तिच्याखाली एक जुनी धडक होती, तुटलेल्या कडा तशाच ठेवून वरून लिंपलेली.

फायबरवरचे तडे दोन प्रकारचे. एक केसासारखे बारीक, जेलकोटपुरते, वयानं आलेले. दुसरे चांदणीसारखे, एका बिंदूतून सगळीकडे फुटलेले. चांदणी दिसली की समजावं, त्या जागी आतून काहीतरी आपटलंय किंवा बाहेरून कोणी कोपर टेकलंय, आणि आतली काचेच्या धाग्यांची चटईही दुभंगलेली असू शकते. अशा जागी वरून पुट्टी भरणं म्हणजे निव्वळ रंगरंगोटी. तडा दोन्ही बाजूंनी घासून काढायचा, जाडीच्या साधारण बारापट रुंद उतार द्यायचा, आणि आतल्या बाजूनं रेझिनमध्ये भिजवलेली चटई एकावर एक चढवायची. प्रत्येक थर पुढच्यापेक्षा थोडा मोठा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते घट्ट करणारं कॅटॅलिस्ट १ ते २ टक्के. थंडीत कमी घातलं तर चिकट राहतं, उन्हाळ्यात जास्त घातलं तर डब्यातच गरम होऊन गोठतं आणि धूर सोडायला लागतं. थर लावला की खाचांच्या रोलरनं हवेचे बुडबुडे दाबून बाहेर काढायचे. चटई नीट भिजली की तिचा पांढरा रंग जातो आणि ती जवळजवळ पारदर्शक होते. एखादा पांढरट ठिपका राहिला, तर तिथं हवा आहे. तो ठिपका नजरेआड करायचा मोह फार होतो, विशेषतः संध्याकाळी, मास्क आणि चष्म्याखाली घाम आलेला असताना आणि अंगाला काचेची खाज सुटलेली असताना.

मग थांबायचं. हेच सगळ्यात अवघड. रेझिन हाताला घट्ट लागलं तरी आतून आठवडेच्या आठवडे आकसत राहतं. घाईनं रंग मारला तर काही महिन्यांनी चटईची वीण रंगातून डोकावायला लागते आणि दुरुस्तीच्या कडा उन्हात दिसतात. मी दुरुस्त केलेली बॉडी आख्खा हिवाळा तशीच ठेवली आणि तेवढ्यात इंजिनाकडे वळलो. रंग मात्र बाहेरून मारून घेतला. रंगाऱ्याला बजावलं होतं की भट्टीचं तापमान कमी ठेव, नाहीतर आत कोंडलेली हवा फुगून फोड येतील. तो म्हणाला, ''मी फायबरच्या होड्या रंगवतो, मला सांगू नका.'' ऐकून जीव भांड्यात पडला.

इंजिनाबद्दल थोडक्यात. १५५८ सीसीचं ट्विन कॅम, ब्लॉक फोर्डचा, वरचं ॲल्युमिनियमचं हेड हॅरी मंडी यांच्या डिझाइनचं. ते एका जाणकाराकडून बांधून घेतलं. एक गोष्ट जाहिरातीत मुद्दाम लिहिली : वॉटर पंप नवा आहे. ज्याला हे इंजिन माहीत आहे त्याला त्याची किंमत कळते, कारण पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्येच बसवलेला आहे आणि तो बदलायला जवळजवळ अर्धं इंजिन उघडावं लागतं. पंप फिरवणारा पट्टा जास्त ताणला तर पंपाचं बेअरिंग लवकर जातं. ज्याला इंजिन माहीत नाही, तो हे वाक्य वाचून पुढं जातो. त्यामुळे फोनवर कोण काय विचारतो यावरूनच माणूस कळायचा.

कुठं विकायची यावर बराच विचार केला. लिलावात काम झटपट, पण विकणाऱ्याकडून कमिशन आणि घेणाऱ्याकडून वेगळा प्रीमियम. शिवाय दोन मिनिटांत हातोडा पडणार, तिथं आतल्या थरांचे फोटो कोण बघणार? एका विक्रेत्यानं येऊन पाहिली. दहा मिनिटांत आकडा सांगितला. तो माझ्या मनातल्या आकड्याच्या इतका खाली होता की मी त्याला चहा विचारायचं विसरलो. शेवटी खासगीच विकायचं ठरलं, ३२,००० पौंड मागून.

इंग्लंडमध्ये खासगी विक्रीत गाडी 'आहे तशी' देता येते. दुकानदारावर असतात तेवढ्या जबाबदाऱ्या खासगी माणसावर नसतात. पण वर्णन खरं असलं पाहिजे, आणि गाडी विकायचा हक्क आपल्याकडे असला पाहिजे. वर्णन खोटं निघालं तर घेणारा मागं येऊ शकतो. कायदा सोडा, मला स्वतःलाच ते नको होतं. म्हणून जाहिरात लांबलचक झाली. चासी बदललेली, मूळची नाही. बॉडी मूळची, डाव्या मडगार्डवर मोठी दुरुस्ती, फोटो उपलब्ध. रंग मूळ निळ्याच्या जवळचा, तंतोतंत नाही. सीटांचं कापड नवं. उजवा हेडलाइट कधीकधी डाव्याच्या मागून उघडतो. पावसात डाव्या खिडकीच्या कोपऱ्यातून थेंब आत येतो. मित्र म्हणाला, ''तू गाडी विकतोयस की कबुलीजबाब देतोयस?''

बदललेल्या चासीवर दोन टोकांची मतं ऐकायला मिळाली. काहींच्या मते कारखान्याची मूळ चासी गेली म्हणजे गाडीचं मोल गेलं. काहींच्या मते गॅल्व्हनाइज्ड चासी नसलेली एलान घेणारा वेडा. माझं मत दुसऱ्यांच्या बाजूचं, आणि ते मी लपवलं नाही. सडक्या तुळईला सस्पेन्शन लटकवून ताशी ७० मैलांनी जाण्यात मला तरी अस्सलपणा दिसत नाही. ज्याला पुरावा हवा त्याला भिंतीला टेकवलेली जुनी चासी दाखवायचो. तिच्यातलं भोक पाहिलं की वाद मिटायचा.

बघायला येणाऱ्यांत नमुने होते. एक गृहस्थ खिशातून लोहचुंबक काढून मडगार्डवर फिरवायला लागले. ही त्यांची नेहमीची सवय असावी. पत्र्याच्या गाडीत जिथं पुट्टी जाड असते तिथं चुंबक धरत नाही, त्यावरून लबाडी पकडता येते. इथं तो कुठंच धरेना. दरवाज्यावर नाही, बॉनेटवर नाही, डिकीवर नाही. त्यांचा चेहरा उतरत गेला. मी म्हटलं, ''साहेब, ही आख्खी गाडीच तुमच्या हिशेबानं पुट्टी आहे.'' ते हसले, पण चुंबक खिशात टाकून लवकरच निघून गेले. दुसऱ्या एकानं रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं होतं. तेही धातूसाठीचंच, फायबरवर मुकं. एका तरुण जोडप्याला गाडी फार आवडली, त्यांनी तिच्यात बसून भरपूर फोटो काढले. खालून बघायला मात्र दोघांपैकी कोणी वाकलंही नाही.

शेवटी जिनं घेतली ती बाई निवृत्तीच्या वयाची, आयुष्यभर शिडाच्या होड्या दुरुस्त केलेली. रंगाकडे तिनं पाहिलंही नाही. पर्समधून एक नाणं काढलं आणि बॉडीवर टकटक करत फिरायला लागली. मडगार्ड, दरवाज्याच्या कडा, बिजागऱ्यांभोवती, दिव्यांच्या झाकणांमागे. घट्ट जागी आवाज खणखणीत आणि आखूड येतो. थर सुटलेले असतील तिथं तो बसका येतो, खाली पोकळी असल्यासारखा. डाव्या मडगार्डवर ती थांबली. पुन्हा वाजवलं, थोडं इकडं, थोडं तिकडं. मी काही बोललो नाही. ''इथं जाड आहे,'' ती म्हणाली. मी फाइल उघडून त्या मडगार्डचे फोटो दाखवले. पुट्टी काढलेली, तुटक्या कडा, घासलेला उतार, एकेक थर, आतून केलेलं काम. तिनं प्रत्येक फोटो चष्मा वर सरकवून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला : रंगाच्या आधी किती दिवस ठेवलं? आख्खा हिवाळा म्हटल्यावर तिनं नाणं पर्समध्ये टाकलं.

मग गाडी रॅम्पवर चढवली. चासीला बॉडी जिथं आवळली आहे तिथं फायबरमध्ये धातूचे बॉबिन, म्हणजे बोल्ट धरणारे रिळासारखे तुकडे, बसवलेले असतात. ते आत फिरायला लागले तर बोल्ट ना घट्ट होतो ना सुटतो. तिनं ते एकेक हातानं चाचपले. मग दिव्यांच्या वायरी बघितल्या. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरमध्ये प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला वेगळी अर्थिंगची वायर लागते, आणि जुन्या एलानमधल्या विजेच्या निम्म्या तक्रारी एखाद्या गंजलेल्या अर्थिंगच्या टोकापाशी येऊन संपतात. माझ्या नव्या वायरिंगचा नकाशा मी हातानं काढून फाइलला लावला होता. तो तिला चासीपेक्षाही आवडला.

गाडी चालवायची तर विमा हवा. तिनं निघायच्या आधीच आपल्या विमा कंपनीकडून त्या दिवसापुरतं संरक्षण घेतलं होतं. पहिल्या गिअरमध्ये गाडीनं दोन हिसके दिले. नवखा माणूस इथं घाबरतो. एलानच्या मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये रबराचे जाड कडबोळ्यासारखे जोड असतात, रोटोफ्लेक्स. क्लच सोडताना रबर आधी पिळतं आणि मग सुटतं, म्हणून गाडी उड्या मारते. क्लच आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हळुवार जुळवले की उड्या जातात. बरेच लोक आता तिथं रबराऐवजी आधुनिक धातूचे सीव्ही जॉइंट बसवतात. मी रबरच ठेवलं होतं, नव्यानं घातलेलं. तिसऱ्या चौकापर्यंत तिला ते जमलं. पुढं वळणावळणाचा रस्ता आला आणि ती गप्प झाली. मॅक्लारेन एफ१ ही अतिवेगवान गाडी घडवणारे गॉर्डन मरी आजही एलानच्या स्टिअरिंगचं कौतुक करतात, ते का, हे त्या रस्त्यावर सांगावं लागत नाही. पावणेसातशे किलोंच्या आतबाहेरची गाडी, स्टिअरिंगला कसलीही मदत नाही, आणि रस्त्याचा खडा न् खडा तळहाताला कळतो.

भाव ठरायला फार वेळ लागला नाही. तिनं हजार कमी सांगितले, कारण दिलं गळकी खिडकी. मी पाचशेवर आलो. ती म्हणाली, जुनी चासी पण द्या, मूळ गाडीचा तुकडा म्हणून राहील. मी ती आनंदानं दिली. ती जागा मला हवीच होती.

कागदपत्रांचं काम सरळ आहे, पण एकदोन ठिकाणी लोक अडकतात. गाडीचं नोंदणीपत्र, ज्याला इथं व्ही५सी म्हणतात, ते मालकीचा पुरावा नाही. त्यावर तसं छापलेलंच असतं. ते फक्त गाडीची जबाबदारी कोणाकडे आहे एवढं सांगतं. म्हणून विकत घेतल्याची पावती, सुट्या भागांची बिलं आणि दोघांच्या सहीचं विक्रीपत्र वेगळं केलं. ४० वर्षांहून जुनी आणि फारसे मूलभूत बदल न केलेली गाडी असेल तर २०१८पासून वार्षिक एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची तपासणी, सक्तीची नाही. तरी मी ती दर वर्षी करून घेत होतो आणि ते दाखले फाइलला होते. ऐतिहासिक गाडीला रस्ताकर शून्य. पण शून्य असला तरी नव्या माणसानं तो आपल्या नावावर काढावा लागतो. जुन्या मालकाचा कर गाडीबरोबर जात नाही. नोंदणीपत्राचा हिरवा तुकडा मी तिच्या हातात दिला, त्यावरचा क्रमांक टाकून तिनं माझ्याच स्वयंपाकघरात बसून मोबाइलवरून कर काढला. मी वाहन नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवलं, काही मिनिटांत पोच आली. पैसे त्याआधीच बँकेतून बँकेत जमा झाले होते. ते खात्यात दिसल्यावरच किल्ली दिली. ती ओळखीची झाली होती, पण हा नियम ओळखीलाही लावावा.

जुनी चासी तिच्या पुतण्यानं नंतर व्हॅनमधून नेली.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. उजवा दिवा डाव्याच्या मागून उघडतोय. मी म्हटलं, ते मी जाहिरातीत लिहिलं होतं. ''वाचलंय,'' ती म्हणाली, ''म्हणूनच तुम्हाला विचारतेय, कुठली नळी आधी काढून बघू?'' मी सांगितलं, इंजिनकडून येणाऱ्या नळीवरचा एकेरी व्हॉल्व आधी बघा, उलटीकडून फुंकून. हवा दोन्ही बाजूंनी गेली तर तो बदला. नाही गेली तर उजव्या दिव्यामागचा रबरी जोड बघा, त्याच्या घडीत चीर असेल.